जुन्या फोर्डचा बॅंजो एक्सल शेतातून उचलताना काय तपासायचं?

मिशिगनचा_मावळा
नमस्कार मंडळी. १९३० ची मॉडेल ए रोडस्टर, चौकट मूळची. इंजिन १९४६ चं फ्लॅटहेड व्ही-८, गिअरबॉक्स १९३९ चा. १९५० च्या आसपास कॅलिफोर्नियात जशी हॉट रॉड (वेगासाठी बदललेली जुनी गाडी) उभी राहिली असती तशीच करायची आहे, त्यामुळे ९ इंची किंवा ८ इंची फोर्ड एक्सल सुचवू नका. ते चांगले आहेत हे मान्य, पण पहिला १९५७ चा आणि दुसरा १९६२ चा. इथे बसत नाहीत.

जवळच्या एका शेतावर दोन जुने फोर्ड बॅंजो एक्सल (मध्ये गिअरचा गोळा, दोन बाजूंना नळ्या असे मागचे एक्सल) विकायला आहेत. एक गवताच्या गाडीखाली लावलेला, टॉर्क ट्यूब (ड्राइव्हशाफ्टभोवतीची नळी) गॅसने कापलेली. दुसरा गोठ्यात, टॉर्क ट्यूब आणि ड्रमसकट, पण ड्रम फिरत नाहीत. दोन्हींचं साल विकणाऱ्याला माहीत नाही. जागेवर उघडू देणार नाही, फार तर प्लग काढून बघा म्हणतो.

कोणता घ्यावा, आणि घेण्याआधी बाहेरून काय काय तपासता येईल?

बॅंजोबापू
आधी साल. नक्की वर्ष नाही कळलं तरी गट कळतो, आणि तेवढं पुरतं.

चाकाचे बोल्ट बघ. पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळात आणि ब्रेक यांत्रिक, म्हणजे सळ्या आणि तरफा, तर १९३५ किंवा त्याआधीचा. पाच बोल्ट सव्वादहा इंचांच्या मोठ्या वर्तुळात, ड्रमच्या जवळजवळ कडेला, तर १९३६ ते १९३९. त्यात हायड्रॉलिक ब्रेक फक्त १९३९ चे. पुन्हा साडेपाच इंची वर्तुळ आणि सोबत हायड्रॉलिक, तर १९४० ते १९४८. पण ही खूण पक्की समजू नकोस. ऐंशी वर्षांत ड्रम आणि बॅकप्लेट इकडच्या तिकडे खूप झाल्या आहेत.

पाट्याची (स्प्रिंगची) जागाही बघ. मॉडेल ए ला आडवा पाटा एक्सलच्या बरोबर वर बसतो. १९३२ पासून तो एक्सलच्या मागे गेला, म्हणून बेलवरचे (बेल म्हणजे मधल्या गोळ्याच्या दोन बाजूंची कर्ण्यासारखी नळी) पाट्याचे कान मागच्या बाजूला दिसतात. तुझी चौकट मॉडेल ए ची, म्हणजे मागचा क्रॉसमेंबर (चौकटीचा आडवा दांडा) वरच्या पाट्यासाठीचा. व्ही-८ चा एक्सल घेतलास तर पाट्याची जागा किंवा क्रॉसमेंबर, दोन्हीपैकी एक बदलावंच लागेल. एक्सलच्या किमतीत हे काम आधीच धरून ठेव.

रुंदी : १९४२ ते ४८ चे एक्सल आधीच्यांपेक्षा रुंद. मडगार्ड नसलेल्या हायबॉय रोडस्टरला ते वाईट दिसतात, चाकं बाहेर पळाल्यासारखी वाटतात. ब्रेक ड्रमच्या तोंडापासून तोंडापर्यंत टेप लाव आणि तुझ्या बॉडीच्या रुंदीशी ताडून बघ.

आणि एक सापळा. १९३७ ते १९४० मध्ये ६० अश्वशक्तीचं छोटं व्ही-८ यायचं, त्याच्यामागचा एक्सल वेगळा आणि हलका. लांबून सारखाच दिसतो. मोठ्या फ्लॅटहेडमागे लावू नये. रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे किती फेरे) मोजताना साडेचारच्या जवळ आला तर त्याचाच संशय घे.

वाचनमात्र_होतो
न उघडता रेशो कसा मोजायचा?

बॅंजोबापू
एक चाक पाचर लावून घट्ट अडव. दुसरं चाक बरोबर दोन पूर्ण फेरे फिरव. मधला डिफरन्शियल त्यात एकच फेरा घेतो, त्यामुळे या दरम्यान ड्राइव्हशाफ्टने घेतलेले फेरे म्हणजेच रेशो. शाफ्टवर खडूची खूण करून मोज. साडेतीनच्या किंचित पुढे थांबला तर ३.५४ (क्राउनला, म्हणजे डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरला, ३९ दात, ड्राइव्हशाफ्टकडच्या छोट्या पिनियनला ११). पावणेचारच्या जरा पुढे ३.७८ (३४ आणि ९). चारच्या जरा पुढे ४.११ (३७ आणि ९). चार आणि एक तृतीयांश आला तर ४.३३ (३९ आणि ९).

३० इंच व्यासाच्या मागच्या टायरवर ताशी ६० मैलांना इंजिन किती फिरेल तेही बघून ठेव : ३.५४ ला साधारण २३८०, ३.७८ ला २५४०, ४.११ ला २७६०. हलक्या रोडस्टरला ३.७८ ठीक. ३.५४ मिळाला तर सोडू नकोस, तो कमी सापडतो आणि लोक त्याचे वेगळे पैसे मागतात.

गोठ्यातला फिरतच नसेल तर हे मोजता येणार नाही. मग किंमत ४.११ धरून ठरव.

लेथवाली_ताई
बापूंनी ओळख सांगितली. पैसे द्यायचे की नाहीत ते मात्र रेशोवर ठरत नाही. क्राउन-पिनियन नवी मिळते, बेअरिंग मिळतात, सील मिळतात. ज्याच्यावर लेथचा खर्च चढतो ती गोष्ट एक्सलच्या दोन टोकांना आहे, आणि बघणारे सगळे मधल्या गोळ्याकडे बघतात.

जुन्या फोर्डमध्ये चाकाचा रोलर बेअरिंग हाउसिंगच्या टोकावर, बाहेरच्या बाजूने चालतो. म्हणजे बेलचं टोक हीच आतली रेस. वेगळी रेस नाही. हाउसिंग फिरत नाही आणि जमिनीचा जोर खालून वर येतो, त्यामुळे टोकाची झीज कायम खालच्या बाजूला. वरून हात फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि माणूस फसतो. हब काढल्यावर मायक्रोमीटरने एकदा उभं माप घ्या, एकदा आडवं, आणि रोलर जिथे पोचत नाहीत त्या अस्पर्श पट्टीवर तिसरं. तिन्हींची तुलना करा. खालच्या बाजूला नखाला लागेल अशी पायरी असली, किंवा पृष्ठभाग खपल्यांसारखा सुटलेला असला, तर ते टोक गेलं.

हब न काढता अंदाज घ्यायचा तर ड्रम वर-खाली हलवून बघा. नट घट्ट असताना ड्रम उभ्या दिशेने हलत असेल तर बेअरिंग, टोक किंवा हबच्या आतली रेस, तिघांपैकी काहीतरी संपलंय. तिघं बहुधा एकत्रच संपतात.

दुरुस्तीचे दोन रस्ते. एक, टोक खरादून त्यावर कठीण केलेली बाही दाबून बसवणं. यात मूळ नळी पातळ होते, म्हणून खराद कमीत कमी, आणि बेल दोन सेंटरमध्ये धरूनच. चकमध्ये एका बाजूने धरून केलेलं काम हमखास तिरकं येतं. दोन, टोक कापून नवं टोक वेल्ड करणं. त्याला आतून सरळ सळई घालून दोन्ही बाजू एका रेषेत ठेवाव्या लागतात, आणि वेल्ड थंड होताना खेचतो. माझं मत पहिल्याकडे, जोवर टोकाला तडा नाही तोवर.

दुसरी जागा शाफ्टचा निमुळता भाग. हब या निमुळत्यावर दाबून बसतो आणि जोर घेतो तो हा निमुळता, चावी (हब आणि शाफ्टच्या खाचेत बसणारी पोलादी पट्टी) नाही. नट सैल ठेवून गाडी चालवली की हब निमुळत्यावर पुढे-मागे सरकतो, चावी कापली जाते, खाच रुंद होते आणि खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो. उघड्या डोळ्यांना तो दिसेलच असं नाही. चुंबकीय कणांची तपासणी करून घ्या, इंजिन मशिनिंगच्या बऱ्याच दुकानांत होते. तडा गेलेला शाफ्ट भंगारात. तो वेल्ड करायचा विचारही नको.

निमुळत्यावर पितळी किंवा पोलादी पातळ पत्रा गुंडाळलेला दिसला तर समजा की आधीच्या मालकाला दुखणं माहीत होतं आणि त्याने ते झाकलं. तसा शाफ्ट आणि तो हब दोन्ही शंकास्पद.

तिरका_पाना
ताई, टोकांचं पटलं, पण क्राउन-पिनियन इतकी सहज सोडू नका. नवी जोडी मिळते खरी, स्वस्त नाही. आणि ज्याला १९४० चा मूळ माल हवा त्याला जुनी वाचवायची असते.

प्लग काढू देतोय ना, तर खालचा प्लग आधी उघडा, वरचा नंतर. तेलापेक्षा पाणी जड, ते तळाशी बसतं. प्लग जरा सैल केला की पहिल्या धारेत काय येतं ते बघा. पाणी आलं तर क्राउनचा जो भाग वर्षानुवर्षं तळाशी थांबला होता तिथे दातांवर खड्डे असणार. तेलच आलं आणि ते काळं-चिकट असलं तर उलट चांगली बातमी : तेलात बुडालेला भाग वाचलाय. मग गंज वरच्या दातांवर असेल, तो बऱ्याचदा वरवरचा निघतो.

गवताच्या गाडीखालच्याचं तोंड कापलेलं आहे म्हणतोस. त्या कापलेल्या टॉर्क ट्यूबमधून पावसाचं पाणी थेट पिनियनच्या बेअरिंगपर्यंत जातं. त्यातली पिनियन फुकट मिळाली तरी मोजू नकोस. पण त्याचे बेल, शाफ्ट आणि ड्रम वापरता येतील.

क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्यायच्या. एका एक्सलची क्राउन आणि दुसऱ्याची पिनियन बसवली तर दातांची संख्या जुळूनही आवाज येतो, आणि कालांतराने दात खातात.

मिशिगनचा_मावळा
ताई, बापू, पाना, सगळ्यांचे आभार. म्हणजे दोन्ही घेऊन त्यातून एक करणं हाच मार्ग दिसतोय. विकणारा दोन्हींवर एकत्र कमी करायला तयार आहे.

पुढचे प्रश्न : अडकलेले हब कसे काढायचे? आणि गोठ्यातल्याला आडवा पाटा अजून लावलेला आहे, त्याचं काय?

बॅंजोबापू
पाटा आधी, कारण हाड मोडतं ते तिथे.

आडवा पाटा गाडीखालून काढल्यावर सैल दिसतो, पण तसा नसतो. मोकळा असताना त्याची कमान जास्त वळलेली असते. दोन कानांमध्ये तो ताणून बसवलेला आहे. शॅकलचा (पाटा कानाला जोडणाऱ्या कडीचा) नट काढला किंवा शॅकल गॅसने कापलं तर पाट्याचं टोक झटक्यात आत येतं. पाटा पसरवायचं पेचाचं अवजार भाड्याने मिळतं, क्लबकडेही असतं. ते दोन डोळ्यांमध्ये लावायचं, शॅकलवरचा ताण जाईपर्यंत पेच फिरवायचा, मग शॅकल काढायचं. अवजाराला साखळीने पाट्याशी बांधून ठेवायचं. पाटा फक्त भंगार म्हणून जाणार असेल तरीही हे चुकवायचं नाही.

पानं सुटी करताना मधला बोल्ट एकदम काढायचा नाही. दोन बाजूंना सी-क्लॅम्प, मध्ये लांब आट्यांचा बोल्ट, आणि तो हळूहळू सैल करत पानं उघडू द्यायची.

आता हब. ब्रेक आधी सैल कर, नाहीतर हब सुटला तरी लायनर ड्रमच्या कडेत अडकून बसतात. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतं. हवेचा फवारा मारायचा नाही, ओलं करून पुसायचं, मास्क लावायचा.

स्प्लिट पिन काढ. नट पूर्ण काढायचा नाही. शाफ्टच्या टोकाशी समतल येईपर्यंत मागे घे, म्हणजे आटेही वाचतात आणि हब सुटल्यावर उडत नाही. पुलर हबच्या पुढच्या कडेला बाहेरून मिठी मारणारा हवा, जुन्या फोर्डसाठी खास मिळतो. तीन पायांचा पुलर ड्रमच्या काठाला लावला की ड्रम वाकतो किंवा फुटतो, आणि हब हलतही नाही. गंज विरघळवणारं तेल निमुळत्याच्या दोन्ही बाजूंनी सोड, चावीच्या खाचेतून आत जातं. पुलर कस, पेचाच्या डोक्यावर एकच जोरदार घाव दे, पुन्हा कस, आणि तसाच ताणात ठेवून दे. बरेच हब रात्रीतून आपोआप सुटतात, मोठा आवाज होतो. समोर उभं राहायचं नाही.

उष्णता लागलीच तर हबच्या घेराला, हलकी आणि सगळीकडून सारखी. शाफ्टला नाही, लाल होईपर्यंत तर अजिबात नाही. शाफ्टच्या टोकावर हातोड्याने ठोकायची जी टोपी मिळते ती वापरू नकोस. तो धक्का थेट आत डिफरन्शियलला जातो आणि आटे पसरतात.

लेथवाली_ताई
हब निघाल्यानंतर शाफ्ट बाहेर ओढू नका. या शाफ्टच्या आतल्या टोकाचा गिअर शाफ्टचाच भाग आहे, वेगळा नाही. तो डिफरन्शियलच्या आत अडकलेला असतो. बेल मध्यातून सोडवायची, पूर्ण गोळा बाहेर घ्यायचा, डिफरन्शियलचे दोन अर्धे उघडायचे, मग शाफ्ट निघतो. उघडण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर पंचाने खूण करा. ते एकत्र खरादलेले असतात आणि एकाच स्थितीत नीट बसतात. बोल्ट तारेने बांधलेले असतात, तार कापून फेकून द्या, जुळवताना नवी. बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेला ओढेल अशी बांधायची, उलट बांधलेली तार शोभेची.

बेल आणि मधलं घर स्वच्छ करायला धुण्याच्या सोड्यात विजेने गंज काढणं स्वस्त आणि उत्तम. एक गॅलन पाण्याला साधारण एक मोठा चमचा सोडा, साध्या लोखंडाची पट्टी दुसऱ्या टोकाला. स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं. बेअरिंग आणि गिअर या हौदात नकोत. हवा खेळती ठेवा, हायड्रोजन निघतो.

वाचनमात्र_होतो
आणि हे सगळं वगळून थेट क्विक-चेंज (रेशो झटपट बदलता येणारा मधला भाग) बसवला तर? तोही त्याच काळातला ना?

तिरका_पाना
काळातला आहेच. टेड हॅलिब्रँडचा क्विक-चेंज युद्धानंतरच्या वर्षांत आला आणि फोर्डच्याच बेल आणि शाफ्टवर बसत असे. त्याचा फायदा मैदानावर : मागचं झाकण उघडायचं, दोन सरळ दातांचे गिअर बदलायचे, रेशो बदलला. तेच दोन गिअर खाली-वर उलटे लावले तरी दुसरा रेशो मिळतो. समजा जोडीचं प्रमाण १.१५ आहे आणि क्राउन-पिनियन ४.११. एका बाजूने ४.७३, उलट लावलं की ३.५७. कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर पळवायला एक आणि घरी परतायला दुसरा, असा तो उपयोग.

पण लक्षात घे, क्विक-चेंज फक्त मधला भाग बदलतो. बेल, शाफ्ट, हब तेच जुने. म्हणजे ताईंनी सांगितलेली टोकांची तपासणी चुकत नाही. उलट महागड्या मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंना झिजलेली टोकं लावणारे बरेच भेटतात.

जुने हॅलिब्रँड बरेचसे मॅग्नेशियमचे. हलके, पण ओलाव्यात आतून पोखरतात आणि पांढरी भुकटी सुटते. बोल्टच्या भोकांभोवती आणि तळाशी सुईने टोचून बघायचं, मऊ लागलं तर नको. मॅग्नेशियमवर ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवायचं नाही, बारीक चुरा पेटतो आणि पाण्याने विझत नाही, जास्त भडकतो. वर सांगितलेला सोड्याचा हौद त्याला चालत नाही. विंटर्स कंपनीचे नवे ॲल्युमिनियमचे मिळतात. रस्त्यावर रोज चालवायला तेच बरे. आणि दोन्ही सरळ दातांमुळे किणकिणतात. काहींना तेच ऐकायचं असतं, तो भाग वेगळा.

ओहायोकर
कोलंबियाचं कोणी बोललं नाही! क्लीव्हलंडच्या त्या कंपनीचा दोन वेगांचा एक्सल. व्हॅक्यूमने चालतो, हायवेवर इंजिनचे फेरे साधारण २८ टक्क्यांनी उतरतात. ४.११ वर लावला तर २.९६ च्या आसपास. सुटा तुकडा स्वस्तात दिसला म्हणून मात्र घेऊ नका : त्याला त्याचंच हाउसिंग आणि त्याचाच शाफ्ट लागतो, साध्या बॅंजोला नुसता चिकटवता येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीच्या ऑक्टोबरच्या जुन्या भागांच्या बाजारात अर्धवट कोलंबिया नेहमी दिसतात. उरलेला अर्धा कोणाकडेच नसतो.

मिशिगनचा_मावळा
कोलंबिया आवाक्याबाहेर. साध्या बॅंजोवर पक्कं.

टॉर्क ट्यूबबद्दल सांगा. मॉडेल ए च्या चौकटीत १९३९ चा गिअरबॉक्स बसवल्यावर ट्यूबची लांबी जुळणार नाही. ट्यूब काढून उघडा ड्राइव्हशाफ्ट करणारे संच दिसतात. ते बरं की ट्यूब कापून छोटी करणं?

तिरका_पाना
उघडा शाफ्ट कर. गिअरबॉक्स काढायला सोपा, लांबी बदलायला सोपी.

बॅंजोबापू
पाना, अर्धं सांगितलंस. उघडा शाफ्ट चालतो, पण टॉर्क ट्यूब फक्त शाफ्ट झाकत नव्हती. गाडी पुढे ढकलणारा जोर आणि एक्सलला उलटा फिरवू पाहणारा पीळ, दोन्ही तीच घ्यायची. दोन बाजूंचे तिरके दांडे तिच्याच पुढच्या भागाला येऊन मिळतात, तो पूर्ण त्रिकोण आहे. ट्यूब काढली आणि तेच दांडे एकेका बोल्टने चौकटीला लावले तर क्लच सोडताक्षणी पिनियन वर बघते. आडवा पाटा तो पीळ अडवत नाही. मग यूजॉइंट तुटतो, पाट्याचे शॅकल वाकतात. म्हणून उघड्या शाफ्टला टॉर्क आर्म (पीळ अडवणारा दांडा) हवा, किंवा एक्सलला वर-खाली दोन ठिकाणी पकडणारे शिडीसारखे दांडे. संचात ते नसतील तर संच अपुरा.

उलटी चूकही तितकीच होते. ट्यूब ठेवायची, पण दिसायला छान म्हणून मागचे दांडे सुटे करून चौकटीच्या कडांना लावायचे. ट्यूब फिरते गिअरबॉक्समागच्या गोलाभोवती, दांडे फिरतात वेगळ्या बिंदूंभोवती. एक चाक खड्ड्यात गेलं की सगळं एकमेकांशी भांडतं आणि दांड्यांच्या मुळाशी वेल्ड तुटतो. ट्यूब असेल तर दांडे ट्यूबलाच.

या गाडीला मी ट्यूब छोटी करेन. फ्लॅटहेड, हलकी बॉडी, अरुंद टायर, मूळ पद्धत पुरते. व्ही-८ स्मॉल ब्लॉक आणि रुंद चिकट टायर असते तर बॅंजोच सुचवला नसता, त्यात शाफ्टचं निमुळतं टोक आणि चावी आधी जातात.

लेथवाली_ताई
छोटी करताना : इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल चौकटीत शेवटच्या जागी बसवून, गाडीचं वजन पाट्यावर असताना माप घ्या. हवेत लटकलेल्या चौकटीवर घेतलेलं माप चुकतं. ट्यूब मधून कापा, दोन्ही टोकांची जोडणी राखा. कापलेली टोकं लेथवर चौकोनी करा, आत घट्ट बसणारी बाही घाला, चार ठिकाणी टाके, फिरवून सरळपणा तपासा, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने वेल्ड करा. एका दमात गोल वेल्ड केला तर ट्यूब केळ्यासारखी होते.

आतला शाफ्टही तेवढाच छोटा. नंतरच्या पिनियनला १० स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांबट खाचा), आधीच्यांना ६, त्यामुळे दोन एक्सलमधून एक करताना शाफ्ट, कपलिंग आणि पिनियन एकाच घरातले ठेवा. शाफ्ट समतोल करून घ्या.

कोल्हापुरी_क्लच
वाचतोय, मजा येतेय. मुंबईत पूर्वी फोर्डची जुळणी व्हायची, त्यामुळे इकडेही जुने बॅंजो गॅरेजांच्या मागे पडलेले सापडतात. इथे असा रॉड बांधता येईल का?

ओहायोकर
मागच्या एक्सलला उजवं-डावं स्टिअरिंग काही फरक पडत नाही, त्यामुळे भाग म्हणून ते उपयोगीच आहेत, कुणाच्या मूळ गाडीच्या पुनर्बांधणीला तर फारच. पण क्लच भाऊ, रस्त्यावरची गाडी कापून-जोडून बदलणं भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, ती मूळ स्वरूप राखलं असेल तरच. तिकडे जुनी फोर्ड सापडली तर ती जशी होती तशी उभी करणंच शहाणपणाचं. इथली एक्सल तपासायची सगळी पद्धत त्यालाही तशीच लागू.

मिशिगनचा_मावळा
शेवटचा प्रश्न, जुळवणी. प्रीलोड (बेअरिंगवरचा आधीचा दाब) आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) या रचनेत कसे बसवतात? शिम (पातळ चकत्या) दिसत नाहीत.

लेथवाली_ताई
शिमचं काम गॅस्केट करतात. डिफरन्शियलच्या बेअरिंगचे कप दोन्ही बेलमध्ये बसतात, त्यामुळे बेल आणि मधलं घर यांच्यातल्या कागदी गॅस्केटची जाडी म्हणजे प्रीलोड. वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, ६ आणि १० हजारांश इंचाच्या सहज मिळतात.

आधी पिनियन न बसवता. गोळा आत, दोन्ही बेल गॅस्केटसकट, बोल्ट समोरासमोर पूर्ण आवळलेले. गोळा हाताने फिरवला तर हलकी, सलग ओढ जाणवली पाहिजे. मोकळा गरगर फिरला तर गॅस्केट कमी करा, अडखळला तर वाढवा. एकूण जाडी ठरली की ती बदलायची नाही.

मग पिनियन बसवा, तिच्या स्वतःच्या बेअरिंगचा प्रीलोड आधी ठरवून. बॅकलॅश डायल गेजने क्राउनच्या दातावर, ६ ते १० हजारांश. जास्त आला तर क्राउन पिनियनकडे सरकायला हवी : क्राउनच्या पाठीमागच्या बाजूची गॅस्केट पातळ करा आणि तेवढीच जाडी समोरच्या बाजूला द्या. घाईत दिशा उलटी होते, म्हणून प्रत्येक बदलानंतर आकडा लिहा. तीन-चार ठिकाणी मोजा. क्राउन फिरवत गेल्यावर आकडा दोन हजारांशांपेक्षा जास्त बदलत असेल तर क्राउन नीट बसलेली नाही, खाली कचरा आहे. दातांना निळा रंग लावून ठसा बघा.

गॅस्केटवर सिलिकॉनचा जाड थर लावू नका. प्रीलोड तिथेच बिघडतो.

बॅंजोबापू
आणि हब बसवताना निमुळता आणि हबचं भोक कोरडं, ग्रीस-तेल काही नाही. निळा रंग लावून बघ, ठसा तीन-चतुर्थांशाहून जास्त भागावर हवा. कमी असेल तर चावी काढून व्हॉल्व्हच्या बारीक पेस्टने घास, पण थोडंच. जास्त घासलं की हब आत सरकतो, ड्रम बॅकप्लेटला घासतो किंवा नट आट्यांच्या शेवटी टेकतो आणि हब सैलच राहतो. व्ही-८ च्या नटाला २०० फूट-पाउंडांच्या पुढे जोर लागतो, लांब दांड्याचा टॉर्क पाना माग. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळव, मागे सैल करून नाही. पहिल्या पन्नास-शंभर मैलांनंतर दोन्ही नट पुन्हा तपास. तेल १४० जाडीचं, भरायच्या भोकापर्यंतच. जास्त भरलं की बेलमधून बाहेर येऊन लायनर भिजवतं, कितीही नवं सील असलं तरी.

मिशिगनचा_मावळा
समजलं. गोठ्यातल्याचा खालचा प्लग शनिवारी उघडतोय, पाणी आलं तर किंमत खाली. मायक्रोमीटर सोबत नेतो, पण हब निघाल्याशिवाय उपयोग नाही, म्हणून ड्रम हलवूनच ठरवेन.

तिरका_पाना
गवताच्या गाडीखालच्याचे ड्रम उचलताना आतून माप घे. गवताच्या गाडीला ब्रेक नसतो, ड्रम बहुधा कमी घासलेले सापडतात. १९४० नंतरचे निघाले तर तेवढ्यावरच अर्धी किंमत वसूल.